एका सेकंदाला आठ चित्रं

१ जानेवारी १९६३. जपानमध्ये नववर्षाचा दिवस हा वर्षातला सगळ्यात मोठा सण. त्या संध्याकाळी फुजी टेलिव्हिजनवर एक काळंपांढरं कार्टून सुरू झालं आणि पहिल्याच भागात एक लहान मुलगा मोटारीच्या अपघातात मेला. त्याचे वडील डॉक्टर तेन्मा विज्ञान मंत्रालयाचे प्रमुख. दुःखानं वेडेपिसे झालेले तेन्मा हुबेहूब आपल्या मुलासारखा दिसणारा यंत्रमानव घडवतात, त्याला जीव लावतात, आणि काही दिवसांनी त्यांच्या ध्यानात येतं की या मुलाची उंची वाढत नाही, वाढणारही नाही. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्यालाच ते सर्कशीला विकून टाकतात.

लहान मुलांच्या मालिकेची ही सुरुवात. पोरकेपण, बापाचा राग, माणसासारखं दिसूनही माणसात न मोजलं जाणं, सगळं पहिल्या अर्ध्या तासात. मालिकेचं नाव 'तेत्सुवान आतोमु' आणि तिचे कर्ते ओसामु तेझुका. मुलाचं नाव आतोमु, म्हणजे अणू. एक लाख अश्वशक्ती, पायांतून निघणाऱ्या झोतांवर उड्डाण, डोळ्यांत प्रखर दिवे, साठ भाषा बोलण्याची क्षमता आणि समोरचा माणूस भला की बुरा हे ओळखणारं मन, अशी त्याची सामग्री.

साठ भाषांमधली इंग्रजी त्याला फार लवकर बोलावी लागली. सप्टेंबर १९६३ मध्ये, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांनी, हाच मुलगा 'ॲस्ट्रो बॉय' या नावानं अमेरिकेतल्या टीव्हीवर उडत होता. अमेरिकन टीव्हीवर आलेली ही पहिली जपानी कार्टून मालिका. महायुद्ध संपून अठराच वर्षं झाली होती. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब टाकणाऱ्या देशातली मुलं शाळेतून घरी येऊन अणुशक्तीवर चालणाऱ्या एका जपानी मुलाच्या प्रेमात पडली, आणि तो जपानी आहे हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

आठ महिन्यांत हे जमलं कसं? मला या सगळ्या कथेत खरा अचंबा वाटतो तो इथे. कारण याचं उत्तर कुठल्या मोठ्या योजनेत किंवा कुणाच्या दूरदृष्टीत सापडत नाही. ते सापडतं चित्रांतल्या तोंडांत.

त्यासाठी आधी थोडा हिशेब करावा लागेल. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगानं पुढे सरकते. डिस्नेच्या पद्धतीनं काम करायचं तर दर चौकटीला, निदान दोन चौकटींमागे एक तरी नवं चित्र लागतं, म्हणजे सेकंदाला किमान बारा. पंचवीस मिनिटांचा भाग धरला तर झाली अठरा हजार चित्रं, आणि तीही दर आठवड्याला. टोकियोत १९६३ मध्ये तेवढे चित्रकार नव्हते, तेवढा पैसा नव्हता, आणि टीव्ही तर आठवड्याच्या ठरल्या वेळेला भाग मागतो. त्यामुळे जपानी स्टुडिओनं दर आठवड्याला अर्ध्या तासाची कार्टून मालिका द्यायची, ही कल्पनाच या धंद्यातल्या जाणत्यांना वेडेपणाची वाटत होती.

तेझुका डॉक्टरकीची पदवी घेतलेले, पण चित्रकथांनी झपाटलेले. विशीतच ते देशभर लोकप्रिय झाले होते. आतोमु त्यांनी १९५२ पासून मुलांच्या मासिकात काढला होता. डिस्नेचा 'बॅम्बी' त्यांनी थेटरात बसून कितीतरी वेळा पाहिला होता आणि आपली चित्रं हलताना पाहायची हा त्यांचा ध्यास होता. चित्रकथांतून मिळालेला पैसा त्यांनी 'मुशी प्रॉडक्शन' हा स्वतःचा स्टुडिओ उभा करण्यात ओतला. मालिका मिळावी म्हणून त्यांनी निर्मितीच्या खर्चाहून बऱ्याच कमी रकमेत भाग द्यायचं कबूल केलं. मग वाचवायची होती ती एकच गोष्ट, चित्रं.

त्यांनी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी काय काय केलं हे जवळून पाहण्यासारखं आहे. एक चित्र तीन चौकटी टिकवायचं, म्हणजे सेकंदाला आठ चित्रांत भागतं. माणूस बोलत असेल तर धड, हात, केस सगळं स्थिर ठेवून फक्त तोंड हलवायचं. राग आला, भीती वाटली की चेहरा तसाच थिजवून कॅमेरा त्याच्या जवळ न्यायचा. आतोमु उडतोय? मग त्याचं एकच चित्र, मुठी पुढे केलेल्या, आणि त्याच्या मागून ढगांचं लांबलचक चित्र सरकवायचं. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं सुसाट चाललंय. अशी उड्डाणाची, धावण्याची, वळून पाहण्याची चित्रं एकदा काढली की फेकायची नाहीत. नीट लावून जपून ठेवायची आणि पुढच्या भागात वेगळ्या आकाशावर ठेवून पुन्हा वापरायची. स्टुडिओत या साठ्याला बँकच म्हणत. ठेव वाढत गेली तसं काम हलकं होत गेलं. अशा रीतीनं एक भाग दोन हजारांच्या आसपास चित्रांत उरकता येऊ लागला.

आणि हे करताना एक गंमत घडली. चित्रं हलत नाहीत म्हटल्यावर गोष्ट हलवावी लागली. दृश्यं छोटी झाली, कॅमेऱ्याच्या जागा चटचट बदलू लागल्या, सिनेमात असतात तसे चेहऱ्याचे अगदी जवळचे कोन, अचानक शांतता, लांबलेली सावली. डिस्नेचं हरणाचं पाडस नुसतं बर्फावर घसरलं तरी दोन मिनिटं बघत राहावं, इतकं ते सुंदर. आतोमुकडे ते नव्हतं, म्हणून त्याच्याकडे पेच असायचे: यंत्रमानवाला हक्क असावेत का, आई-बाप विकत बनवून मिळाले तर ते खरे का. मात्सुओ ओनो नावाच्या ध्वनिकारानं यंत्रांतून कधी न ऐकलेले आवाज काढले. आतोमुच्या पावलांचा आवाज तर ऐकताक्षणी ओळखू येई. डोळ्यांना कमी पडलं ते कानांनी आणि मनानं भरून काढलं.

मुशीतल्या कामाची ओढाताण इतकी, की एक भाग बाहेरच्या चित्रकारांना दिला गेला. त्या मंडळींनी नुकताच 'स्टुडिओ झिरो' काढला होता आणि त्यांत होते फुजिको फुजिओ या जोडनावानं काम करणारे दोघे मित्र. पुढे 'डोरेमॉन' जन्माला आला तो याच नावाखाली. प्रत्येकानं आपापल्या हातानं काढल्यामुळे त्या भागात आतोमुचा चेहरा दृश्यागणिक बदलतो. आज आपल्या घरातली मुलं ज्या निळ्या मांजरासमोर जेवायला बसतात, त्याच्या जन्मदात्यांचा हात आतोमुलाही लागला होता, हे मला फार आवडतं.

आता त्या तोंडांकडे येऊ. अमेरिकेत कार्टून करताना आधी नटांचे आवाज ध्वनिमुद्रित करतात आणि मग त्या आवाजाबरहुकूम ओठ काढतात. 'ओ'ला गोल, 'म'ला मिटलेले, 'फ'ला दात ओठावर. असं पात्र त्याच्या भाषेला शिवलेलं असतं. तिच्यातून बाहेर काढलं की ते विजोड दिसतं. जपानमध्ये उलट. चित्रं आधी, आवाज नंतर. आणि चित्रं वाचवायची असल्यानं तोंडाचे आकार मोजून तीन: बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं. पात्र काहीही बोलो, हे तीन आकार आलटून पालटून येत राहतात. म्हणजे ते तोंड मुळात जपानीही बोलत नव्हतं. ते नुसतं बोलत होतं. त्यात कुठलीही भाषा ओतली तरी ती त्याचीच वाटावी, इतकं ते मोकळं होतं.

चित्रं वाचवण्यासाठी केलेल्या या एका काटकसरीनं जपानी कार्टूनला जगभर फिरण्याचा परवानाच मिळाला. तेझुकांनी हे ठरवून केलं नव्हतं. पण नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं आणि मोगली घरोघरी हिंदीत बोलायचा, तेव्हा तो मुळात १९८९ साली जपानमध्ये बनलेला आहे, असं आपल्यापैकी किती जणांच्या मनात आलं होतं? तो आपलाच वाटला, त्यात गुलज़ारांच्या शीर्षकगीताचा वाटा मोठा आहेच. पण त्या तोंडाचाही आहे.

न्यूयॉर्कमध्ये हे तोंड ज्याच्या हाती पडलं तो फ्रेड लॅड. परदेशी चित्रपट, कार्टून घेऊन त्यांना इंग्रजी रूप देणं हा त्याचा व्यवसाय. कार्यक्रम विकणाऱ्या 'एनबीसी एंटरप्रायझेस' या कंपनीनं आतोमुचे भाग त्याला दाखवले. एनबीसीच्या स्वतःच्या राष्ट्रीय वाहिनीवर ही मालिका लागली नाही. गावोगावच्या स्थानिक केंद्रांना ती विकली गेली आणि ज्यानं त्यानं आपल्या सोयीच्या वेळेला लावली. पहिल्या खरेदीत ५२ भाग होते, पुढे ते १०४ झाले.

लॅडकडे टोकियोहून फिल्म यायची, सोबत कथेचा जुजबी गोषवारा. त्यावरून तो आणि त्याची माणसं चित्राकडे बघत बघत संवाद रचायची. त्या काळी फिल्मचा छोटा तुकडा कापून त्याची दोन टोकं जोडत आणि तो गोल पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवत. नट मायक्रोफोनसमोर उभा राहून तोंड कधी उघडतं, कधी मिटतं ते पाहून घ्यायचा, दोनतीन फेऱ्यांत सराव करायचा आणि मग वाक्य नेमकं त्या फटीत बसवायचा. तुकडा संपला की पुढचा. असा आख्खा भाग. आवाज देणारी माणसं प्रामुख्यानं तीनच: बिली लू वॉट, रे ओवेन्स आणि गिल्बर्ट मॅक. आतोमुचा आवाज बिली लू वॉट या बाईंचा. भागातल्या बाकीच्या बायका, मुलं, म्हाताऱ्याही बहुधा त्याच. विज्ञाननगरीतले नागरिक, खलनायक, राष्ट्राध्यक्ष आणि शेकडो यंत्रमानव अशी सगळी दुनिया तीन गळ्यांतून उभी राहिली.

नावं बदलली. डॉक्टर तेन्मा झाले डॉक्टर बॉयंटन. आतोमुचा सांभाळ करणारे, अवाढव्य नाकाचे प्रेमळ डॉक्टर ओचानोमिझु झाले डॉक्टर एलिफन. एनबीसीनं काही भाग नाकारलेही. एका भागात चर्चमधल्या येशूच्या मूर्तीच्या डोळ्यावर खुणेचा निरोप कोरलेला असतो आणि त्यावरून गुन्ह्याचा माग लागतो. अमेरिकन घरात हे चालणार नाही, असं ठरलं. तेझुकांना याचं वाईट वाटलं असणारच, पण अमेरिकेतून येणाऱ्या पैशाची मुशीला गरज होती.

याच सुमारास एक पत्र आलं, असं तेझुकांनी लिहून ठेवलं आहे. पाठवणारे होते स्टॅनली कुब्रिक. आपल्या येऊ घातलेल्या अंतराळपटासाठी कलादिग्दर्शन कराल का, अशी विचारणा. पण वर्षभर परदेशात राहायचं म्हणजे स्टुडिओतल्या माणसांना वाऱ्यावर सोडणं, म्हणून त्यांनी नकार दिला. तो चित्रपट म्हणजे '२००१: ए स्पेस ओडिसी'.

पुढची मालिका रंगीत हवी, असा एनबीसीचा आग्रह होता. एनबीसीची मालकी आरसीए कंपनीकडे होती आणि आरसीए रंगीत टीव्हीसंच विकत होती, तेव्हा यामागचं कारण उघड आहे. तेझुकांनी आपली सगळ्यात लाडकी गोष्ट काढली: आफ्रिकेतल्या पांढऱ्या सिंहाच्या छाव्याची. 'जंगल तैतेई' ऑक्टोबर १९६५ मध्ये जपानच्या टीव्हीवर आली, पुढच्या वर्षी अमेरिकेत 'किम्बा द व्हाइट लायन' म्हणून. जपानमधली ही पहिली रंगीत कार्टून मालिका. इसाओ तोमिता यांचं संगीत, गवताळ प्रदेशाचे ते पिवळे-जांभळे रंग. आज पाहतानाही डोळे निवतात.

पण इथे दोन विचारांची गाठ पडली. तेझुकांची मूळ चित्रकथा सिंहांच्या तीन पिढ्यांची आहे. शेवटी बर्फाच्या वादळात अडकलेल्या माणसाला जगवण्यासाठी सिंह स्वतःचा जीव देतो. माझं मांस खा, कातडं पांघर, असं त्याचं सांगणं. एनबीसीला हवं होतं असं काहीतरी, की स्थानिक केंद्रानं कुठलाही भाग कुठल्याही क्रमानं लावला तरी बिघडू नये. म्हणजे प्रत्येक भागाची गोष्ट त्याच भागात संपली पाहिजे आणि नायक पहिल्या दिवशी होता तेवढाच शेवटच्या दिवशी राहिला पाहिजे. छाव्यानं मोठं व्हायचं नाही. ५२ भाग त्या अटीत बसवले. ते संपताच, ऑक्टोबर १९६६ मध्ये, तेझुकांनी एनबीसीशिवाय दुसरी मालिका काढली आणि तिच्यात सिंह वाढला, त्याला पिल्लं झाली. ती अमेरिकेत पोचायला ऐंशीचं दशक उजाडलं. वाढू न शकणाऱ्या मुलाची गोष्ट ज्यानं लिहिली, त्यालाच आपला छावा लहान ठेवावा लागला, याचं मला राहून राहून वाईट वाटतं. १९९४ मध्ये 'द लायन किंग' आला तेव्हा जपानमधल्या चित्रकारांनी आणि वाचकांनी साम्यं दाखवत डिस्नेला निवेदन पाठवलं. डिस्नेनं ती नाकारली. तो वाद आजही मिटलेला नाही.

साठच्या दशकात आणखीही मालिका आल्या. मित्सुतेरु योकोयामांचा दूरनियंत्रकावर चालणारा अजस्र यंत्रमानव 'जायगँटर' झाला. मूळ गोष्टीत तो महायुद्धातलं शस्त्र म्हणून बनवलेला असतो, अमेरिकेत गोष्ट थेट सन २००० मध्ये नेली. 'एट मॅन' आला, 'मरीन बॉय' आला. पण त्या पिढीच्या मनात कायमचा घुसला तो 'स्पीड रेसर'.

तात्सुनोको स्टुडिओच्या तात्सुओ योशिदांची ही मालिका जपानमध्ये एप्रिल १९६७ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी अमेरिकेत पोचली. शर्यतीच्या गाड्या चालवणारा तरुण, त्याची पांढरी 'माख फाइव्ह' गाडी आणि स्टिअरिंगवरची ए ते जी अशी सात बटणं: एक दाबलं की गाडी उडी मारणार, दुसरं दाबलं की पुढून करवती फिरणार, आणखी एक दाबलं की पाण्याखाली चालणार. नायकाचं मूळ नाव गो मिफुने. म्हणून त्याच्या सदऱ्यावर इंग्रजी 'जी' आणि गाडीच्या बॉनेटवर घराण्याचा 'एम'. अमेरिकेत नायकाचं नाव झालं स्पीड, पण सदरा पुन्हा रंगवायला पैसे कोण देणार? 'जी' तसाच राहिला. त्याची मैत्रीण मिची झाली ट्रिक्सी, तिच्या सदऱ्यावरही 'एम' राहिला. ५२ भाग हजारो मुलांनी ती अक्षरं पाहिली. पुसायची राहून गेलेली जपानी नावं त्यांच्यासमोर रोज दुपारी पडद्यावर फिरत होती.

इंग्रजी संवाद लिहिले पीटर फर्नांडिस यांनी. स्पीडचा आवाजही त्यांचा, त्याच्या मुखवटाधारी भावाचाही त्यांचाच, शीर्षकगीताचे शब्दही त्यांचेच. चार नटांचा ताफा. त्यात कोरिन ऑर ही एकटी बाई, तीच ट्रिक्सी, तीच स्पीडचा धाकटा खोडकर भाऊ. या मालिकेतली पात्रं श्वास न घेता भराभर बोलतात, मध्येच आश्चर्यानं 'ओ!' करतात, अशी तिची ख्याती आहे. त्यामागेही तोंडच आहे. जपानी वाक्य संपेपर्यंत तोंड हलत राही आणि तेवढी जागा भरायला फर्नांडिसना इंग्रजी शब्द कोंबावे लागत. कुठे अर्धी उघडझाप उरली तर तिथे एक उद्गार. लोकांनी हा बोलण्याचा ढंग नंतर खूप उचलला. मला मात्र त्यात एका हुशार माणसाची कारागिरी दिसते, दिलेल्या मापात चपखल बसवलेली.

मग सत्तरच्या दशकात झरा आटला. अमेरिकेतले टीव्हीसंच रंगीत झाले तशी काळीपांढरी 'ॲस्ट्रो बॉय' केंद्रांना नकोशी झाली. १९६८ मध्ये बॉस्टनच्या पेगी चॅरन यांनी पालकांची चळवळ उभारली होती. मुलांच्या कार्यक्रमांतल्या मारामारीवर तिचं बारीक लक्ष होतं. याच काळात जपानमधल्या मालिका मात्र आणखी गंभीर होत चालल्या होत्या. दोन्ही टोकं ताणली गेली.

त्या ताणाचा सगळ्यात चमत्कारिक नमुना 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स'. मुळात ती तात्सुनोकोची १९७२ ची 'गाचामान', १०५ भागांची. पक्ष्यांच्या वेषातले पाच तरुण आणि पृथ्वीवरचं भीषण युद्ध. सँडी फ्रँक या निर्मात्यानं ती घेतली आणि १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या लाटेत १९७८ मध्ये आणली. पृथ्वीवरची गोष्ट अंतराळात नेली, मृत्यूची दृश्यं कापली, त्यामुळे भाग तोकडे पडले. ती भोकं बुजवायला अमेरिकेत नवी चित्रं काढून '७-झार्क-७' नावाचा बोलघेवडा यंत्रमानव घातला. समुद्राखालच्या केंद्रात बसून तो मुलांना दिलासा देतो, की आत्ता उद्ध्वस्त झालेल्या शहरातली माणसं आधीच हलवली होती. गोष्टीला आणि या यंत्रमानवाला जोडणारा एकही धागा चित्रांत नाही. दोन देशांतल्या दोन हातांच्या रेषा शेजारी शेजारी आहेत. आणि तरीही त्या काळची मुलं सांगतात, की त्या पाच जणांच्या डोळ्यांत काहीतरी दुःख होतं आणि ते त्यांना कळत होतं. ८५ भागांवर कात्री चालली, पण चेहऱ्यावरचं दुःख तिला कापता आलं नाही.

दुसऱ्याच वर्षी, १९७९ मध्ये, 'स्टार ब्लेझर्स' आली आणि एक बांध फुटला. ही मुळात १९७४ ची 'उचू सेनकान यामातो'. परग्रहाच्या किरणोत्सारी बॉम्बगोळ्यांनी पृथ्वी करपली आहे, माणसं जमिनीखाली राहतात, वाचायला एकच वर्ष उरलं आहे. १९४५ मध्ये बुडालेल्या यामातो या खऱ्याखुऱ्या युद्धनौकेचं अंतराळयान करून काही तरुण १,४८,००० प्रकाशवर्षं दूरच्या इस्कांदार ग्रहावर किरणोत्सार दूर करणारं यंत्र आणायला निघतात. अमेरिकेत नौकेचं नाव 'आर्गो' झालं, यानावरच्या डॉक्टरांच्या हातातली साके ही जपानी दारू झऱ्याचं पाणी झाली. पण गोष्टीचा क्रम मोडता येणार नव्हता. भागाच्या शेवटी उरलेल्या दिवसांचा आकडा पडद्यावर यायचा आणि तो रोज कमी व्हायचा. एक भाग चुकला तर गोष्ट चुकली. किम्बाला जे नाकारलं होतं, ते या मुलांना मिळालं: लोक बदलतात, मरतात, आणि प्रवासाला शेवट असतो.

तोवर घरगुती व्हीडिओ रेकॉर्डर आले होते. लॉस एंजेलिसमध्ये जपानी रहिवाशांसाठी लागणाऱ्या वाहिनीवर मूळ जपानीत कार्टूनं दिसत. १९७७ मध्ये फ्रेड पॅटन आणि त्याच्या मित्रांनी तिथे एक मंडळ काढलं, टेपा जमवायच्या आणि एकत्र बसून पाहायच्या. भाषा बहुतेकांना येत नव्हती. लहानपणी ज्यांना आपली कार्टूनं जपानी आहेत हे माहीत नव्हतं, ती पिढी आता ती जपानी आहेत म्हणूनच पाहत होती.

आणि आतोमु? त्याचं अमेरिकेत फार वाईट झालं. १९७३ मध्ये मुशी प्रॉडक्शनचं दिवाळं निघालं. एनबीसीचा करार संपला तेव्हा इंग्रजी भागांच्या प्रती परत पाठवायचा प्रश्न आला. लॅडनं सांगितलं आहे, की त्या परत नेण्याचा खर्च करायला जपानमध्ये कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्या नष्ट केल्या गेल्या. बिली लू वॉट यांचा आवाज, ते तीन गळ्यांतलं जग, सगळं कागदोपत्री संपलं. पण स्थानिक केंद्रांकडे गेलेल्या काही फिल्मी परत आल्या नव्हत्या. कुणी छंदिष्टानं विकत घेतलेल्या, कुणाच्या माळ्यावर पडलेल्या. आयोवातल्या 'राइट स्टफ' नावाच्या छोट्या कंपनीनं लॅडच्या मदतीनं असे भाग एकेक करून शोधले आणि १९८९ पासून व्हीडिओ कॅसेटवर आणले.

तरी १०४ च भाग. जपानमध्ये झाले होते १९३. शेवटचा भाग ३१ डिसेंबर १९६६ ला लागला: पृथ्वी वाचवण्यासाठी आतोमु सूर्याच्या दिशेनं झेपावतो आणि परत येत नाही. जपानमधल्या मुलांनी वर्षाच्या शेवटच्या रात्री तो पाहिला. लॅडच्या स्टुडिओत तो कधी आलाच नाही, त्यामुळे अमेरिकेतल्या मुलांचा ॲस्ट्रो बॉय त्या वेळी जिवंतच होता, आणि स्थानिक केंद्रांवर, मिळेल त्या क्रमानं, उडतच राहिला.